फोटोकडं तोंड करून बसलेला रेडिओ

मी एक जुना रेडिओ आहे. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही, हे आधीच बजावून ठेवतो. उंद्रीत आजवर कोणालाच खरं वाटलेलं नाही. माझ्या शेजारी फळीवर बसणाऱ्या गजराच्या घड्याळालासुद्धा नाही, आणि ते घड्याळ तर इतकं भोळं की बंद पडल्यापासून रोज सव्वानऊच वाजलेत असं मानून चाललंय.

माझा जन्म एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात झाला. सागवानी रंगाची पेटी, समोर सोनेरी जाळी, आणि पिळायला दोन कान. पण ते कान नावाचे. माझा खरा कान पोटात आहे. बोटाएवढी एक काळी कांडी, या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी, आणि तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. ते वेढे एका बाईनं घातले होते. ते घालताना तिला जांभई आली, म्हणून आजही दुपारच्या बातम्या माझ्यातून जरा झोपाळू येतात. नाही पटत? मी म्हणालोच होतो.

चाळीस वर्षांपूर्वी जनकाबाईंच्या वडलांनी मला लेकीच्या लग्नात आंदण दिलं. एसटीत जनकाबाईंनी मला मांडीवर घेतलं आणि नवरदेवाला, म्हणजे किसनरावांना, पिशवी धरायला दिली. किसनराव शाळेत शिपाई. माझे वेळेचे ठोके ऐकून ते घंटा द्यायचे. म्हणजे मित्रांनो, अख्ख्या उंद्रीची पोरं माझ्या ठोक्यावर शाळेत जात आणि माझ्याच ठोक्यावर सुटत. एवढा मान आजकाल कोणत्या यंत्राला आहे?

माझी जागा जनकाबाईंनी ठरवली. पश्चिमेच्या भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याखाली तथागतांची लहान मूर्ती. समोरच्या भिंतीला फळी. त्या फळीवर मला ठेवून त्यांनी माझं तोंड बरोबर फोटोकडं केलं.

"काऊन, इकडे दाराकडे ठेव ना," किसनराव म्हणाले. "ओसरीत आयकू येईन."

"सायबाकडे पाठ करू काय त्याची?" जनकाबाई म्हणाल्या. "आन् बातम्या त्याईनबी आयकल्या पायजेत. देशात काय चालू हाय ते समजू द्या त्याईले."

झालं. त्या दिवसापासून मी कधी पाठ फिरवली नाही.

कामाची वर्षं मजेत गेली. निवडणुकीच्या निकालाला अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. एकदा शेजारच्या हिंमतरावांच्या बकरीनं माझी छपरावरची तार खाल्ली. पुढचे तीन दिवस ती बकरी बाजारभाव सांगत होती. हिंमतरावांनी तिच्या सांगण्यावरून तूर राखून ठेवली आणि फायद्यात राहिले. चौथ्या दिवशी तिनं हवामान सांगितलं ते मात्र चुकलं.

जनकाबाई पहाटे जात्यावर बसत आणि गात. माझ्यातून कोणी मोठे गवई गात असले तरी त्या गात. मग माहेरच्या महिला मंडळातल्या बाया गाडी करून दोन जिल्हे ओलांडून दक्षिणेकडच्या एका रेडिओ केंद्रावर गेल्या, तेव्हा त्याही गेल्या. जात्यावरची गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती हवेत सुटली त्या दिवशी मी कुठं होतो? बसस्टँडजवळ शकूरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात, पोट उघडं टाकून. घरचं माणूस माझ्यातून बोलायचं होतं आणि मी आजारी पडलो. त्याची लाज अजून आहे.

पुढं टीव्ही आला, मग मोबाइल आले. शकूरभाईंनी रेडिओची दुरुस्ती सोडून मोबाइलची कव्हरं टांगली. जनकाबाई मात्र मला रोज ओल्या फडक्यानं पुसत आणि सकाळी अर्धा तास लावत. त्या गेल्या आणि मला कोणी लावलं नाही. कोणी हलवलंही नाही. त्यांनी ठेवलेली वस्तू म्हणून किसनराव मला हात लावेनात. पोटातले सेल तसेच राहिले, फुगले, पाझरले. पांढरा खार स्प्रिंगा खात गेला. मित्रांनो, घरातली वस्तू तुम्ही वापरत नसाल तर निदान तिच्या पोटात सेल ठेवून विसरू नका. प्रेमापोटी हात न लावणं हीसुद्धा एक हेळसांडच असते. अडीच वर्षं मी फोटोकडं बघत बसलो आणि बाबासाहेबांना देशात काय चाललंय त्यातलं अवाक्षर सांगू शकलो नाही.

आणि एका डिसेंबरात पत्र आलं.

किसनरावांनी वर्षभरापूर्वी त्या केंद्राला कार्ड टाकलं होतं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. सून महामाया हिनं पत्र मोठ्यानं वाचलं. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या कार्यक्रमात येत्या रविवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी जात्यावरची गाणी लागणार होती. त्यात जनकाबाईंचं एक होतं.

किसनरावांनी उठून मला पहिल्यांदा हात लावला. कान पिळला. मी काय बोलणार? ते तसेच चपला घालून शकूरभाईंकडं गेले आणि त्यांना हाताला धरून घरी घेऊन आले.

शकूरभाईंनी माझं पोट उघडलं. "अरे किसनभाऊ, याच्या पोटात तं मिठागर झालं!"

"दुरुस्त होईन का नाई ते सांग."

"होईन. पन आता हे मिडीयम वेव्ह कोन आयकते? मोबाइलवर लाव ना."

"पाह्यलं मी, चाचा," महामाया म्हणाली. "त्या केंद्राचं नाव तं हाय मोबाइलमंदी, पन सकाळी तिथं दुसऱ्याच केंद्राचं लागते."

शकूरभाई लिंबू मागून घेऊन माझ्या स्प्रिंगांचा खार घासू लागले. किसनराव शेजारी बसले. मग किसनराव जमिनीकडं बघत म्हणाले,

"शकूरभाई, तिचा चेहरा फोटोत हाय. लुगडे पेटीत हायेत. आवाज कायच्यातच नाई."

"मनात असन ना भाभीचा आवाज."

"होता. आता याद कराले गेलो का माहाच आवाज येते. तिचं बोलनंबी मीच बोलून राह्यलो, मनातल्या मनात." त्यांनी फुगलेला सेल हातात घेतला. "तिचा आवाज गेला शकूरभाई माह्यातून. एक डाव आयकू दे मले. मंग नाई भुलत."

शकूरभाईंनी लिंबाची फोड खाली ठेवली आणि डोळे पुसले. लिंबाचा हात होता, त्यामुळं मग ते जरा जास्तच वेळ पुसत बसले.

नवे सेल पडले. मी बोललो! म्हणजे बोललो असं मी म्हणतो. ऐकणाऱ्यांना नुसती खरखर आली, आणि त्या खरखरीत दर सेकंदाला एक 'टक्'.

"हा टक् कायचा?" किसनरावांनी विचारलं.

"थांबा." शकूरभाईंनी घरातले दिवे घालवायला लावले. पिवळ्या बल्बच्या जागी आलेले ते नवे पांढरे दिवे गेले तशी निम्मी खरखर गेली. मोबाइलचा चार्जर काढला, आणखी थोडी गेली. टक् मात्र राहिला. शकूरभाई मला काखेत मारून घरामागं गेले आणि माझ्या कानानं वास घेत घेत भगवानरावांच्या हरभऱ्याच्या शेतापर्यंत पोचले. तिथं झटका मशीन होतं. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं शेतात शिरू नयेत म्हणून कुंपणाच्या तारेत झटके सोडणारं. दर झटक्याला माझ्या पोटात टक्.

भगवानराव मान हलवत म्हणाले, "मशीन बंद करू? रोह्याचा कळप सकाळीच येते. घाटे एक नाई ठेवत."

"अर्धा घंटा," किसनराव म्हणाले. "रविवारी सकाळी. मी तुह्या शेतात मानूस उभा करतो."

"कायले पायजे?"

"जनकाचं गानं हाय."

भगवानरावांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा किसनरावांकडं. "मानूस नोको. मीच उभा राह्यतो काठी घेऊन," ते म्हणाले. "वहिनीच्या हातची भाकर खाल्ली मी लय डाव."

टक् गेला. शकूरभाईंनी जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणाऱ्याकडून जुनी तांब्याची तार आणली, छपरावरून बोरीच्या झाडापर्यंत ताणली आणि तिचं खालचं टोक माझ्या पेटीभोवती सात-आठ वेढे गुंडाळलं. मोरीच्या ओल्या जागेत लोखंडी सळई ठोकून तिलाही एक तार जोडली. एवढं सजलेला मी वरातीतल्या घोड्यासारखा दिसत होतो. तरीही ते केंद्र म्हणजे विहिरीच्या तळाशी कोणीतरी कुजबुजतंय, एवढंच.

शकूरभाईंनी मला फळीवर हळूच फिरवलं. पाव वळसा. माझं तोंड फोटोकडून उत्तरेच्या कोऱ्या भिंतीकडं झालं, आणि कुजबुजीचा एकदम माणूस झाला! निवेदिका खणखणीत बोलू लागली.

"पाह्यलं?" शकूरभाई ओरडले. "याच्या पोटात कांडी हाय. कांडीचं टोक केंद्राकडे असलं का हा बहिरा. कांडी आडवी झाली का आयकते. चाळीस वर्सं तुम्ही याले त्या केंद्रासाठी बहिरा करून ठेवला, किसनभाऊ!"

किसनरावांनी हात पुढं केला आणि मला परत फोटोकडं वळवलं. निवेदिका विहिरीत गेली.

"अरे, काऊन?"

"तिनं असाच ठेवला होता."

"पन आवाज..."

"सायबाकडून तोंड फिरवाचं नाई, असं म्हने ते. तिचंच गानं आयकाचं आन् तिचाच शब्द मोडाचा काय?"

दोघं म्हातारे फळीखाली उभे. एकाचं बरोबर आणि दुसऱ्याचंही चूक म्हणता येईना. शकूरभाई म्हणाले, "कड फिरवू. पाठ नाई. मानूस कड करून झोपत नाई काय?" किसनराव ऐकेनात. शेवटी महामाया आतून पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली,

"मामाजी, रेडिओ फिरवाचा नाई ना? मंग सायबाले फिरवा."

दोघांनी तिच्याकडं पाहिलं. मग किसनरावांनी फोटोपुढं हात जोडले, फोटो उतरवला, उरापाशी धरून उभे राहिले, आणि शकूरभाईंनी उत्तरेच्या भिंतीत खिळा ठोकला. फोटो तिथं गेला. त्याखाली मूर्ती गेली. मला पाव वळसा फिरवलं, माझं तोंड पुन्हा फोटोकडं झालं आणि कांडी आडवी. पश्चिमेच्या भिंतीवर चुन्याचा एक उजळ चौकोन उरला.

मग पाच दिवस सराव. किसनराव पहाटे उठून वंदना म्हणत. शकूरभाई फजरची नमाज पढून सरळ इकडं येत. दोघं माझ्यासमोर चहा घेऊन बसत, काटा जुळवत. रोज पहाटे केंद्र खणखणीत. शकूरभाईंनी माझ्या काचेवर काट्याच्या जागी नखानं रेघ ओढली. "आता रविवारी आंधळाबी लावन," म्हणाले.

मित्रांनो, इथं मला एक कबुली द्यायची आहे. मला ठाऊक होतं. लांबच्या केंद्राच्या लहरी अंधारात आभाळाच्या छताला आपटून खाली येतात, म्हणून दोन जिल्हे ओलांडतात. सूर्य वर आला की त्या छतात त्या विरून जातात. हे दोघं म्हातारे आयुष्यभर पहाटे उठणारे. त्यांचा दिवस वंदनेनं आणि नमाजेनं सुरू व्हायचा, म्हणून सरावही रोज सहाला. सव्वासातला, उन्हात, एकदासुद्धा नाही. मी त्यांना कसं सांगणार? दुसऱ्याचा शब्द आला तर पुढं द्यायचा, एवढंच रेडिओच्या हातात असतं. पाच दिवस मी त्यांच्या आनंदात खणखणीत वाजत राहिलो. यापेक्षा वाईट नोकरी मी केलेली नाही.

रविवार उजाडला. थंडी अशी की माझे सेल कुडकुडत होते. भगवानराव मशीन बंद करून काठी घेऊन बांधावर उभे राहिले. महामायानं दिवे घालवले आणि मोबाइल बंद करून पेटीत टाकला. किसनरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. फळीवरून मला खाली घेतलं नाही. स्वतः स्टुलावर चढून उभे राहिले आणि जाळीला कान लावला. शकूरभाईंनी स्टूल धरलं.

पावणेसातला केंद्र खणखणीत. सातला बातम्या, जरा पातळ. मग दाराच्या फटीतून उन्हाची पहिली रेघ आत आली. सात दहाला निवेदकाचा आवाज बुडू लागला.

"आवाज वाढवा ना," महामाया म्हणाली.

"पुरा वाढवला हाय," किसनराव म्हणाले.

शकूरभाई बाहेर धावले. तार ताणली, सळईवर बादलीभर पाणी ओतलं, परत आले. मला बोटभर इकडं, बोटभर तिकडं. सात अठरा. मी माझ्या कांडीचा कण न् कण ताणला. बारीक तारेचे ते जांभईत घातलेले वेढे दुखेपर्यंत ताणले.

सात वीस. खूप लांबून एक बाई म्हणाली, "...यानंतर ऐकू या... उंद्रीच्या जनका..."

आणि खर्रर्र.

किसनराव हलले नाहीत. जाळीला कान तसाच. "आली," ते म्हणाले. "नाव आलं. आता येईन."

खर्रर्र. गाणं तीन मिनिटांचं असणार. अर्धं मिनिट गेलं. तिकडं ती गात होती, मित्रांनो. त्या क्षणाला, उंद्रीच्या आभाळात, आमच्या डोक्यावर. मी तिला पकडू शकत नव्हतो. किसनराव डोळे मिटून म्हणत होते, "ये ना. ये ना वं." एक मिनिट गेलं.

तेव्हा मी ते केलं. कोणत्याही रेडिओनं केलं नसेल. मी माझ्या मनानं गायलो. नाहीतरी जवळजवळ चाळीस वर्षं मी तिचं दळण ऐकलं होतं. चाल पाठ होती, दम कुठं घ्यायची तेही पाठ होतं. खरखर खाली दाबली, गळा तिच्यासारखा थोडा चिरका केला, आणि चाळीस वर्षं निवेदकांच्या भाषेवर पोसलेल्या माझ्या तोंडानं जात्याच्या घरघरीवर ओवी धरली:

*दळता दळता बाई, पीठ झालं चांदणं,*
*भीमानं मला दिलं, बाई, पाटीवर नांदणं!*

महामायानं पदर तोंडाला लावला. शकूरभाईंनी स्टूल आणखी घट्ट धरलं. "आली! किसनभाऊ, भाभी आली!" ते रडत ओरडले. "साफ आली!"

मला वाटलं, जमलं. मी दुसऱ्या ओवीसाठी दम घेतला.

किसनरावांनी जाळीवरून कान काढला. डोळे उघडले. माझ्या आयुष्यातला तो एकच खरा श्रोता माझ्याकडं रोखून बघू लागला.

"खोटं बोलून राह्यला हा," ते मोठ्यानं म्हणाले.

"अरे काय बोलता? भाभीच हाय ना!"

"जनका नाई हे." त्यांनी माझा कान धरला. "जनका 'मला दिलं' म्हने काय बे कधी? 'मले देल्लं' म्हने ते. मले! देल्लं!"

आणि मित्रांनो, ते शेवटचे दोन शब्द त्यांच्या आवाजात नव्हते; तिच्यासारखेच, थोडे चिरके होते.